आमच्या फाटकावरचं अस्वल

आमचा बर्फाचा कारखाना आहे. सध्या हडपसरला, पण मूळचा भवानी पेठेतला, वडिलांनी १९६४ साली काढलेला. जागा पुरेना, ट्रक आत वळेना, म्हणून इकडे आलो. येताना कॉम्प्रेसर आणले, डबे आणले आणि जुनं लोखंडी फाटकही उखडून आणलं. नवं करून घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं. पण त्या फाटकावर अस्वल होतं.

पांढरं अस्वल. मागच्या दोन पायांवर उभं, पुढच्या पंजांत बर्फाची लादी आणि चेहऱ्यावर हसू. बर्फवाला असा हसला तर गिऱ्हाईक वजन तपासून बघेल, पण अस्वलाला ते शोभतं. शेजारी एक पेंग्विन. तो पेंटरने वडिलांना न विचारताच काढला होता, आणि वेगळे पैसे मागितले नाहीत म्हणून वडिलांनी राहू दिला. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात आम्हाला आडनावाने कुणी ओळखत नाही. "अस्वलवाल्यांना सांग, आज सहा लाद्या जास्त पाठवा," असा निरोप येतो. माझ्या लग्नपत्रिकेवर कुणी अस्वल छापलं नाही एवढंच.

यंदा फेब्रुवारीत फाटक रंगवायला काढलं. मार्चपासून आमचा सीझन, मग श्वास घ्यायला फुरसत नसते. रसवंत्या, लग्नं, मासळी, सगळे एकदमच अंगावर येतात. बाबूभाई पेंटर सायकलवरून डबे घेऊन आला आणि फाटकासमोर उकिडवा बसून गंज घासायला लागला. त्याच वेळी माझी भाची मुक्ता आली. ती विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करते आणि शनिवारी आमच्याकडे जेवायला असते. गाडी लावता लावता तिने चित्राकडे बघितलं.

"मामा, हे दोघं आयुष्यात कधी भेटत नाहीत."

"कोण दोघं?"

"अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिणेकडचा. साठ वर्षं लोकांना चुकीचा भूगोल शिकवतोयस तू."

मी म्हटलं, मी बर्फ विकतो, भूगोल नाही. बाबूभाई हसला. पण कार्टी ऐकतेय कुठली. जेवताना तिने पुन्हा विषय काढला. ज्याच्या चेहऱ्यावर तुझा धंदा चालतो त्याचं तिकडे काय चाललंय ते तरी तुला ठाऊक आहे का, म्हणाली. नव्हतं ठाऊक. आमटी वाढून घेतली आणि गप्प बसलो.

तसं पांढरं अस्वल मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. २०१३ साली आम्ही सहलीबरोबर सिंगापूरला गेलो होतो, तिथल्या प्राणिसंग्रहालयात इनुका नावाचं होतं. उष्ण कटिबंधात जन्मलेलं ते पहिलंच पांढरं अस्वल, १९९० सालचं. बाकीचे काचेपलीकडे पोहणाऱ्या अस्वलाचे फोटो काढत होते. माझं लक्ष त्याला दिलेल्या बर्फाच्या ठोकळ्याकडे. मध्ये पांढरा गाभा राहिलेला, म्हणजे घाईत काढलेला माल. बायको म्हणाली, इथे तरी दुकान बंद ठेवा. मुक्ताने आता सांगितलं की त्याच इनुकाचे आणि त्याच्या आईचे केस २००४ मध्ये हिरवे दिसायला लागले होते, कारण या अस्वलांचे केस आतून पोकळ असतात आणि त्या दमट हवेत केसांच्या आत शेवाळ धरलं. केस मुळात पांढरे नसतातच, पारदर्शक असतात, आणि खालची कातडी काळी. पुढे त्या प्राणिसंग्रहालयाने ठरवून टाकलं की यापुढे पांढरी अस्वलं आणायची नाहीत. इनुका २०१८ मध्ये गेला. ज्या देशाच्या हद्दीत बर्फाचा कणही पडत नाही, तिथल्या प्राणिसंग्रहालयाने आपल्यापुरता एक नियम केला. मला ते आवडलं.

सीझनमध्ये मी आठवड्यातून तीन रात्री कारखान्यावर झोपतो. झोपतो म्हणजे काय, दर तासाला ब्राइनच्या, म्हणजे मिठाच्या गार पाण्याच्या टाकीचं तापमान बघायचं, वहीत लिहायचं, कॉम्प्रेसरचा आवाज ऐकायचा. उणे दहा, उणे साडेनऊ, उणे दहा. मधल्या वेळात मोबाइल. यंदा त्या मधल्या वेळात मी अस्वलं वाचली, आणि अडलं की सकाळी मुक्ताला फोन केला.

पहिलं आश्चर्य तारखेचं. १५ नोव्हेंबर १९७३ ला नॉर्वेची राजधानी ओस्लो इथे पाच देशांनी पांढऱ्या अस्वलांसाठी करार केला: कॅनडा, नॉर्वे, अमेरिका, सोव्हिएत रशिया, आणि ग्रीनलंडच्या वतीने डेन्मार्क. १९७३ म्हणजे मी सात वर्षांचा. बहात्तरच्या दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. शाळेत सुकडी मिळायची, घरात लाल मिलोच्या भाकरी. कारखान्यात डबे भरायला पाणी नसायचं, वडील सकाळी जाऊन कुलूप बघून परत यायचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आपलं मेळघाट पहिल्या नऊ अभयारण्यांत होतं. आणि तिकडे अमेरिका आणि रशिया, ज्यांचं क्षेपणास्त्रांवरून जमत नव्हतं, ते एका जनावरासाठी एका कागदावर सह्या करत होते. एका बैठकीत झालं नाही हे. १९६५ मध्ये अलास्कात फेअरबँक्सला पाचही देशांची माणसं पहिल्यांदा बसली होती, त्यानंतर आठ वर्षं गेली.

कराराची गरज का पडली ते वाचताना माझी झोप गेली. स्वालबार्ड नावाची नॉर्वेची बेटं आहेत. तिथे शिकारी एक लाकडी खोकं ठेवायचे. खोक्यात बंदूक बसवलेली, नळीच्या तोंडासमोर चरबीचा तुकडा, तुकड्याला दोरी, आणि दोरी बंदुकीच्या चापाला. अस्वलाने तुकडा ओढला की गोळी थेट डोक्यात. शिकारी तिथे नसायचाच. तो आठवड्याने येऊन बघणार काय पडलंय ते. मादी पडली असेल तर पिल्लं बाजूला. उंदराच्या सापळ्याला तरी माणूस सकाळी उठून बघतो. अलास्कात पैसेवाले लोक छोट्या विमानांतून अस्वलं हेरून मारायचे.

रशियाने शिकारबंदी १९५६ मध्येच केली होती, नॉर्वेने स्वालबार्डमध्ये १९७३ मध्ये केली. करारात विमानं आणि मोठ्या इंजिनांच्या बोटींतून शिकार करायला बंदी आली. ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं शिकारीवर आहे त्या स्थानिकांना मुभा राहिली. आणि दुसऱ्या कलमात लिहिलं की अस्वल ज्या परिसराचा भाग आहे तो परिसरही राखायचा, विशेषतः गुहा करण्याच्या आणि भक्ष्य मिळण्याच्या जागा. हे दुसरं कलम लक्षात ठेवा, मी पुन्हा तिथे येणार आहे.

बंदूक आवरली आणि बऱ्याच ठिकाणी अस्वलं सावरली, ही गोष्ट मान्य करायला हवी. आज जगात सगळी मिळून साधारण २६,००० असावीत असा अंदाज आहे. खालचा आकडा २२,०००, वरचा ३१,०००. वरचा धरला तरी गहुंजेच्या स्टेडियममध्ये सगळी बसतील आणि खुर्च्या उरतील.

त्यातली जवळपास दोन तृतीयांश कॅनडात. तिथे हडसन उपसागराच्या काठावर चर्चिल नावाचं गाव आहे, वस्ती जेमतेम नऊशे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अस्वलं तिथे किनाऱ्यावर जमतात आणि समुद्र गोठायची वाट बघतात. गोठला की बर्फावर जाऊन सील नावाचे समुद्री प्राणी मारायचे. उन्हाळाभर जवळजवळ उपाशीच असतात. गावात शिरलेल्या अस्वलाला तिथली सरकारी माणसं आधी फटाके वाजवून हाकलतात. ऐकलं नाही तर पिंजरा लावतात. आणि पकडलं की चक्क तुरुंगात ठेवतात! लष्कराच्या जुन्या इमारतीत अठ्ठावीस कोठड्या आहेत. आत पाणी मिळतं, जेवण नाही, म्हणजे गावात गेलं की खायला मिळतं असं त्याच्या डोक्यात बसू नये. मग समुद्र गोठला की सोडतात, नाहीतर हेलिकॉप्टरला जाळं बांधून, अस्वलाला त्यात निजवून दूर उत्तरेला नेऊन ठेवतात.

मी हे मुक्ताला मोठ्या कौतुकाने सांगायला गेलो. ती म्हणाली, "मामा, मी ओतूरची आहे."

खरंच की. माझी बहीण ओतूरला दिली आहे. जुन्नर तालुका, सगळीकडे ऊस, आणि उसात बिबट्या. दिवेलागणीनंतर अंगणातल्या नळावर जायचं तर बॅटरी आणि सोबत माणूस. त्यांची दोन कुत्री गेली, तिसरं त्यांनी पाळलंच नाही. पिंजरा, पिंजऱ्यात शेळी, मग वनखात्याची गाडी आणि माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र, हे मुक्ताने शाळेत जाता-येता बघितलंय. चर्चिलच्या गोष्टीत तिला नवं काहीच नव्हतं.

"पण एक फरक आहे," ती म्हणाली. "बिबट्याचं जंगल गेलं, त्याला ऊस चालला. उसातच पिल्लं घालतो, कुत्री खातो, डुकरं खातो. अस्वलाचा बर्फ गेला तर त्याने कुठल्या उसात जायचं?"

त्याला लागते सीलची चरबी. गर्भार मादीला हिवाळ्यात गुहेत जाण्याआधी एवढी चरबी अंगावर घ्यावी लागते की ती पुढचे सात-आठ महिने न खाता काढेल आणि वर पिल्लांना दूध पाजेल. पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम सहाशे ग्रॅमचं. म्हणजे आमच्या मासळीवाल्यांच्या तराजूत एक मध्यम पापलेट. आणि बाप पाचशे किलोचा असू शकतो. चर्चिलच्या त्या पट्ट्यात, पश्चिम हडसन उपसागराच्या काठाला, १९८० च्या दशकाच्या शेवटी जवळपास बाराशे अस्वलं होती. २०१६ मध्ये ८४२ भरली. २०२१ मध्ये ६१८. मधल्या काळात कुणी खोक्यात बंदुका लावल्या नव्हत्या. समुद्र आधी वितळायला लागला आणि उशिरा गोठायला लागला, त्यामुळे उपासाचे दिवस वाढले.

शिकारीवरून मात्र माझं आणि मुक्ताचं जमलं नाही. कॅनडातल्या इनुइट या मूळच्या रहिवाशांना आजही ठरलेल्या कोट्यात अस्वल मारायची परवानगी आहे. ग्रीनलंडमध्ये २००६ पासून कोटा आहे, तोही ज्यांचा पोटापाण्याचा धंदाच शिकार आहे त्यांनाच. मुक्ताचं म्हणणं, इतकी कमी उरलीत तर पूर्ण बंद करा. अमेरिकेचंही साधारण तेच होतं. कातडी आणि इतर अवयवांचा देशादेशांतला व्यापार बंद करावा असा प्रस्ताव त्यांनी २०१० मध्ये दोह्याला आणि २०१३ मध्ये बँकॉकला जागतिक परिषदेत मांडला, दुसऱ्या वेळी रशियाही सोबत होता. दोन्ही वेळा पडला. कॅनडा विरोधात होता, इनुइट लोक विरोधात होते. त्यांचं म्हणणं, तुम्ही आमच्या ताटावर नियम लावता आणि बर्फ वितळवणारे धंदे चालूच ठेवता.

मला ते पटतं. मी मुक्ताला विचारलं, बिबट्याबद्दल कोथरूडमध्ये बसून कुणी नियम केले तर तुझ्या आईला चालेल का? ती म्हणाली, ही तुलना बरोबर नाही. मी म्हटलं, असेल. पण ज्याच्या दारात जनावर येतं त्याला बैठकीत खुर्ची हवीच. आमचं हे भांडण अजून मिटलेलं नाही आणि मिटायची घाई दोघांनाही नाही.

बाकी देशांचं एकेक वाचलं, त्यात जागा राखून ठेवण्यात रशिया आणि ग्रीनलंडने हात आखडता घेतलेला नाही. रशियाने १९७६ मध्ये रँगल बेट पूर्ण राखीव केलं. तिथे इतक्या माद्या गुहा करतात की त्याला अस्वलांचं बाळंतपणाचं दालन म्हणतात. ग्रीनलंडच्या ईशान्येला १९७४ मध्ये केलेलं राष्ट्रीय उद्यान आहे, ९ लाख ७२ हजार चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र तीनदा मावेल. नॉर्वेने तर २०२५ च्या १ जानेवारीपासून अंतरच आखून दिलंय. स्वालबार्डमध्ये अस्वलापासून तीनशे मीटर लांब राहायचं, आणि मार्च ते जून या माद्या पिल्लं घेऊन हिंडण्याच्या काळात पाचशे मीटर. पाचशे मीटर म्हणजे अलका टॉकीजच्या चौकातून टिळक रोडच्या बाजूला बरंच आत. तेवढ्यावरून फोटोत अस्वल म्हणजे पिवळट ठिपका. पर्यटक कंपन्या कुरकुरल्या, साहजिक आहे.

त्या स्वालबार्डशी आपला संबंध आहे हे मला माहीतच नव्हतं. १९२० च्या स्वालबार्ड करारावर सह्या करणाऱ्यांत तेव्हाचा ब्रिटिश हिंदुस्थानही होता. २००८ पासून न्यू-ओलेसुंड या गावात भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे. आणि डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी तुकडी तिकडे गेली, त्यात आपल्या पाषाण रस्त्यावरच्या आयआयटीएम या हवामान संस्थेची माणसं होती. मी त्या रस्त्याने चाळीस वर्षं जातोय. भिंतीआड पावसाचा अभ्यास चालतो एवढं माहीत होतं, अस्वलांच्या गावाला माणूस जातो हे नव्हतं. तिकडचा बर्फ आणि इकडचा मान्सून यांचं नातं काय, हा त्यांचा एक प्रश्न आहे.

त्या गावाची एक पद्धत मुक्ताने सांगितली. तिथे घरांना, प्रयोगशाळांना कुलूप लावत नाहीत. रस्त्यात अस्वल दिसलं तर जवळचं कुठलंही दार उघडून आत शिरता यावं म्हणून. आणि वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर सोबत बंदूक चालवायला शिकलेला माणूस हवा. शास्त्रज्ञही आधी बंदूक शिकतात, मग उपकरणं काढतात. पण गोळी शेवटची. आधी लांबूनच परत फिरायचं, मग आवाज, मग धुराची फटाकी. मी कारखान्यावर आमच्या सोपानला हे सांगितलं. तो म्हणाला, "शेठ, आपल्याकडं दार उघडं ठेवलं तर अस्वल सोडून सगळे शिरतील."

आता ते दुसरं कलम. परिसर राखायचा.

अमेरिकेने २००८ च्या मेमध्ये पांढऱ्या अस्वलाला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. कारण सरळ लिहिलं, बर्फ वितळतोय. २०१० मध्ये त्यांनी अस्वलाचा अत्यावश्यक अधिवास म्हणून ४ लाख ८४ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास हद्द जाहीर केली, आणि त्यातला बहुतेक भाग जमीन नाही, समुद्रावरचा बर्फ आहे. हे वाचून मी रात्री अडीच वाजता खुर्चीत सरळ बसलो. बर्फाचा सातबारा! सरकारने गोठलेल्या पाण्याच्या नोंदी करून त्यावर अस्वलाचं नाव लावलं. साठ वर्षं आम्ही बर्फ काढतोय, आमच्याकडे बर्फाची नोंद फक्त जावक वहीत होते, आणि ती संध्याकाळपर्यंत पाणी होऊन जाते.

पण त्याच २००८ साली, यादीत नाव घालतानाच, त्यांनी एक नियम जोडला. तेलाचा धूर, कोळशाचा धूर आवरायला हा कायदा वापरता येणार नाही. मंत्र्याने तसं उघड सांगितलंही. म्हणजे अस्वलाला गोळी घातली तर गुन्हा, त्याच्या गुहेशेजारी यंत्र लावायचं तर परवानगी, पण ज्याने बर्फ वितळतो त्याबद्दल कायद्याने बोलायचं नाही. वर अलास्काच्या ज्या किनाऱ्यावर माद्या गुहा करतात तिथेच जमिनीखाली तेल आहे. एक सरकार येतं आणि तो पट्टा तेलासाठी खुला करतं, दुसरं येऊन ते तेलाचे करार रद्द करतं, पुन्हा पहिलं येतं. २०१५ मध्ये पाचही देश ग्रीनलंडला इलुलिसाटला जमले, पुढच्या दहा वर्षांचा एकत्र आराखडा केला, आणि त्यात कबूल केलं की खरा धोका हवामान बदलाचाच आहे. कबूल केलं हे चांगलं. पण अस्वलांचे अधिकारी अस्वलांच्या बैठकीत कोळशाचं काय करणार? आमच्या सोसायटीची मीटिंग पाणीकपातीवर ठराव करते तसंच ते.

बंदूक त्या पाच देशांच्या हातात होती, म्हणून ती थांबली. बर्फ त्यांच्या एकट्यांच्या हातात नाही.

आता थोडं बर्फाबद्दल बोलतो, कारण ते मला येतं. आमच्या टाकीत मिठाचं पाणी असतं, उणे दहाला थंड केलेलं. मीठ असल्यामुळे ते गोठत नाही. त्यात साध्या पाण्याचे डबे सोडायचे. दीड-दोन दिवसांत डब्यातलं पाणी कडेकडून आत गोठत जातं आणि जाताना आपल्यातला क्षार, हवा, घाण पुढे ढकलत नेतं. शेवटी हे सगळं मधोमध साठतं. म्हणून आम्ही नळीने हवा सोडत राहतो, आणि मधलं पाणी गोठायच्या आत शोषून काढून ताजं भरतो. सोपानला झोप लागली तर ते राहतं आणि लादी निघते ती पोटात पांढरी रेघ घेऊन. डबा वर उचलायचा, साध्या पाण्यात बुडवायचा, तिरका करायचा, लादी सुळकन फळीवर येते. कडा काचेसारख्या, आरपार बाबूभाईचा चेहरा दिसेल. बोअरचं पाणी असेल तर ती पांढरी रेघ चाखून बघा, खारट लागते.

समुद्रही हेच करतो, फक्त त्याच्याकडे शोषून घेणारा सोपान नाही. खारं पाणी उणे १.८ च्या आसपास गोठतं आणि गोठताना मीठ बाहेर टाकतं. काही मीठ बर्फातच बारीक नळ्यांत अडकतं, हळूहळू खाली पाझरतं. दोन-चार वर्षं टिकलेला समुद्री बर्फ इतका गोडा होतो की तिथले लोक तो वितळवून पितात. आणि बर्फाच्या खालच्या अंगाला, त्या नळ्यांत, शेवाळ वाढतं. शेवाळावर बारीक जीव, त्यांच्यावर मासे, माशांवर सील, सीलवर अस्वल. अस्वल सीलच्या श्वासाच्या भोकापाशी तासन्‌तास दबा धरून बसतं. उघड्या पाण्यात सील त्याला क्वचितच सापडतो, बर्फाचं ते भोक आहे म्हणून गाठ पडते. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, बर्फ म्हणजे अस्वलाचं अंगण. ते त्याचं शेत आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, तिकडे बर्फ सगळ्यांत कमी असतो. १९८० च्या दशकात तो साधारण ७० लाख चौरस किलोमीटर उरायचा. २०१२ च्या सप्टेंबरात उरला ३४ लाख. दर दहा वर्षांनी बारा टक्क्यांच्या आसपास घट. तीही सगळ्यांत आधी जुन्या, जाड बर्फाची. माझ्या धंद्यात गोडाऊनला इतकी घट आली तर मी कामगार बदलेन, दार बदलेन, जागा बदलेन.

मुक्ताने एकदा हिशेब मांडला. माझ्या एका लादीला नऊ-दहा युनिट वीज लागते. ती वीज बरीचशी कोळशाची. म्हणजे, मामा, इथे एक लादी बनवताना तू तिकडची थोडी वितळवतोस. गोड आवाजात म्हणाली, पण म्हणाली. मी म्हटलं, मग मासळी कशात ठेवायची? लसीची पेटी? चौदा माणसांची घरं? ती म्हणाली, मी बंद कर म्हणत नाहीये, बिल बघ म्हणतेय. बिल मी दर महिन्याला बघतो, बघून पाणी पितो. शेडवर सोलर बसवायचे तीन कोटेशन आलेत, एकाचेही आकडे अजून माझ्या गळी उतरलेले नाहीत. जुना कॉम्प्रेसर मात्र या दिवाळीला काढणार. वडिलांच्या काळातला आहे, आवाजावरून त्याचा मूड कळतो, पण वीज खातो राक्षसासारखी.

राहिलं फाटक. बाबूभाईने गंज घासून, रेड ऑक्साइड मारून ठेवलं होतं आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मुक्ताचा हट्ट, पेंग्विन काढून टाक. मासळी बाजारातून दोघांचे फोन आले, शेठ, पेंग्विन काढताय म्हणे? आमच्या पोरांना आवडतो. बातमी कशी पोहोचते कळत नाही. बाबूभाई म्हणाला, साठ वर्षांपूर्वी माझ्या बापाने फुकट काढलेला आहे, तो पुसायचे मात्र मी पैसे घेईन.

शेवटी त्यानेच तोड काढली. फाटकाला दोन दारं आहेत, पहिल्यापासून दोन्ही चित्रं एकाच दारावर दाटीने होती. आता अस्वल डावीकडच्या दारावर, पेंग्विन उजवीकडच्या. अस्वलाच्या हातातली लादीही काढली. त्याला चार पायांवर उभं केलं, खाली पांढरा-निळा बर्फ, आणि बर्फात एक काळं भोक. ते भोक मी मुद्दाम सांगून रंगवून घेतलं, बाबूभाईला वाटलं गटाराचं झाकण आहे. हसू त्याने तसंच ठेवलं, म्हणाला ते बापाचं आहे, त्याला हात लावत नाही.

दिवसभर फाटक सताड उघडं असतं, ट्रक ये-जा करतात, तेव्हा दोघांमध्ये चोवीस फुटांचं अंतर असतं. मुक्ता खूश आहे. रात्री दहाला सोपान कडी घालतो तेव्हा दोघं पुन्हा नाकाला नाक लावून उभे राहतात, पण ती तोपर्यंत होस्टेलला परत गेलेली असते.